मुंबई ते न्यूयॉर्क: अंतर एक, वेळा दोन

मुलगी न्यू जर्सीत आणि आईवडील ठाण्यात किंवा पुण्यात, अशी घरं आता महाराष्ट्रात नवलाची राहिलेली नाहीत. या घरांमधून पहिल्यांदा अमेरिकेला निघालेला माणूस तिकीट हातात आलं की एक प्रश्न हमखास विचारतो: जाताना जवळपास सोळा तास आणि येताना चौदाच, असं कसं? रस्ता तोच, विमान तेच, मग दोन तास गेले कुठे?

त्याच्या मागोमाग आणखी प्रश्न येतात. न्यूयॉर्क पश्चिमेला आहे, मग विमान उत्तरेकडे बर्फाच्या दिशेनं का जातं? पृथ्वी तर पूर्वेकडे फिरते, म्हणजे पश्चिमेला जाताना उलट लवकर पोहोचायला नको का? हे सगळे प्रश्न अगदी रास्त आहेत. त्यांची उत्तरं एकमेकांत गुंतलेली असल्यामुळे ती क्रमानं घ्यावी लागतात.

१. नकाशावरची पट्टी फसवते

भिंतीवरच्या जगाच्या नकाशावर मुंबई आणि न्यूयॉर्क यांना पट्टीनं जोडून पाहा. रेषा अरबी समुद्र ओलांडते, सौदी अरेबिया, इजिप्त, लिबिया, अल्जीरिया, मोरोक्को असं करत अटलांटिकवर जाते आणि न्यूयॉर्कला टेकते. दिसायला याहून सरळ मार्ग नाही. या रेषेवरून प्रवास केला तर सुमारे १४,२०० किलोमीटर पडतात.

आता शाळेतला पृथ्वीगोल घ्या. मुंबईवर दोऱ्याचं एक टोक धरा, दुसरं न्यूयॉर्कवर, आणि दोरा ताणा. सैल असताना तो आफ्रिकेवर लोळत असेल, पण ताण बसताच तो सरकत सरकत उत्तरेला चढतो. पूर्ण ताणला गेला की तो सिंध आणि बलुचिस्तानवरून, अफगाणिस्तानच्या पश्चिम भागावरून, तुर्कमेनिस्तान आणि कझाकस्तानवरून रशियात शिरतो आणि मॉस्कोच्या अगदी जवळून जातो. पुढे फिनलंड, स्वीडन, नॉर्वेतलं ट्राँडहाइम, मग आइसलंडचा दक्षिण भाग, ग्रीनलंडचं दक्षिण टोक आणि कॅनडाचा लाब्राडोर. तिथून तो खाली न्यूयॉर्ककडे उतरतो. या मार्गाची लांबी सुमारे १२,५३० किलोमीटर आहे. पट्टीच्या रेषेपेक्षा जवळजवळ १,७०० किलोमीटर कमी! मुंबईहून निघताना या मार्गाचं तोंड पश्चिमेला नसतंच. ते उत्तरेपासून जेमतेम २७ अंश पश्चिमेकडे कललेलं असतं.

नकाशाचा यात दोष नाही. भिंतीवर सहसा दिसणारी नकाशाची पद्धत गेरार्डस मर्केटर यानं १५६९ मध्ये दर्यावर्दींसाठी तयार केली. त्या काळच्या खलाशाला होकायंत्राची एकच दिशा धरून जायचं असे आणि त्यासाठी हा नकाशा उत्तम होता. मात्र गोल पृथ्वी सपाट कागदावर बसवताना उत्तरेकडचे आणि दक्षिणेकडचे प्रदेश ताणले गेले. रशिया आणि ग्रीनलंड त्यात अवाढव्य दिसतात आणि त्यांच्यावरून जाणारी वाट लांबची वाटते.

प्रत्यक्षात उत्तरेकडे रेखांश एकमेकांच्या जवळ येतात. विषुववृत्तावर एका रेखांशापासून दुसऱ्यापर्यंत सुमारे १११ किलोमीटर भरतात. मुंबईच्या अक्षांशावर हेच अंतर १०५ होतं, न्यूयॉर्कच्या अक्षांशावर ८४, आणि ६० अंश उत्तरेला निम्मं, म्हणजे साधारण ५६. मुंबई आणि न्यूयॉर्क यांच्यामध्ये जवळजवळ १४७ रेखांश आहेत. ते जिथे अरुंद आहेत तिथे जाऊन ओलांडले तर वाट वाचणारच.

२. अंतर काढायचं कसं

गोलावरचं अंतर मुळात एका कोनाचं असतं. पृथ्वीच्या मध्यबिंदूपासून मुंबईकडे एक रेषा काढली आणि न्यूयॉर्ककडे दुसरी, तर त्या दोघींमध्ये सुमारे ११२.७ अंशांचा कोन होतो. पृथ्वीचा पूर्ण परीघ सुमारे ४०,००० किलोमीटर, त्याचे ३६० भाग केले की एका अंशाला १११.२ किलोमीटर येतात. ११२.७ गुणिले १११.२ म्हणजे १२,५३०. झालं.

वैमानिक आणि नाविक किलोमीटरऐवजी सागरी मैल वापरतात, तेही याचमुळे. एका अंशाचे साठ भाग केले की त्यातल्या एका भागाची लांबी म्हणजे साधारण एक सागरी मैल, १.८५२ किलोमीटर. कोन हाती आला की त्याला साठनं गुणायचं, अंतर तयार.

३. पृथ्वी फिरते, मग विमानानं वर नुसतं थांबावं की!

हा प्रश्न लहान मुलं विचारतात आणि मोठी माणसं मनात ठेवतात. मुंबईची जमीन पृथ्वीच्या फिरण्यामुळे ताशी सुमारे १,५८० किलोमीटर वेगानं पूर्वेकडे जाते आहे. विमान वर चढलं, थांबलं, आणि खालून अमेरिका येईपर्यंत वाट पाहिली तर?

डेक्कन क्वीनमध्ये बसून एक शेंगदाणा वर उडवा. गाडी ताशी शंभरच्या वेगानं धावत असली तरी तो मागच्या बाकावर जाऊन पडत नाही, तुमच्याच तळहातावर येतो. कारण गाडीचा वेग त्याच्यात आधीपासूनच आहे, आणि डब्यातली हवाही गाडीबरोबर चाललेली आहे. विमानाचंही तसंच. ते धावपट्टीवर उभं असतानाच पृथ्वीच्या वेगानं चाललेलं असतं आणि भोवतालचं वातावरणही पृथ्वीबरोबर फिरत असतं. त्यामुळे पृथ्वीच्या फिरण्याचा थेट फायदा किंवा तोटा पूर्वेला जाणाऱ्यालाही होत नाही आणि पश्चिमेला जाणाऱ्यालाही नाही.

परंतु वातावरण पृथ्वीबरोबर फिरतं ते सगळीकडे सारखं नाही. आपले दोन तास नेमके इथेच हरवतात.

४. विमान जमीन कापत नाही, हवा कापतं

विषुववृत्ताकडची तापलेली हवा वर चढून ध्रुवांकडे सरकते. विषुववृत्तावर पृथ्वीचा पूर्वेकडचा वेग सर्वांत जास्त असतो आणि ध्रुवाकडे जावं तसा तो कमी होत जातो. उत्तरेकडे गेलेली हवा आपला मूळचा वेग घेऊनच तिथे पोहोचते, म्हणून खालच्या जमिनीच्या तुलनेत ती पूर्वेकडे पुढे धावू लागते. थंड आणि गरम हवेच्या सीमेवर तर तिचा अरुंद, वेगवान पट्टा तयार होतो. हा जेट प्रवाह. तो साधारण ९ ते १२ किलोमीटर उंचीवर असतो, म्हणजे प्रवासी विमानं उडतात त्याच थरात. त्याचा वेग ताशी दीडशे-दोनशे किलोमीटर सहज असतो, कधी त्याहून बराच जास्त. हिवाळ्यात उत्तर ध्रुव आणि उष्ण कटिबंध यांच्या तापमानातला फरक वाढतो आणि हा प्रवाह आणखी जोर धरतो.

जपानी हवामानशास्त्रज्ञ वासाबुरो ओइशी यांनी १९२० च्या दशकात फुगे सोडून तो मोजला होता, पण त्यांनी आपला अहवाल एस्परांतो या कृत्रिम भाषेत छापला आणि जगाचं तिकडे फारसं लक्ष गेलं नाही. दुसऱ्या महायुद्धात जपानवर उंचावरून उडणाऱ्या अमेरिकी बॉम्बफेकी विमानांना या वाऱ्याचा तडाखा बसला, तेव्हा त्याची खरी दखल घेतली गेली. इतक्या मोठ्या शोधाची अशी उपेक्षा व्हावी याची हळहळ वाटते.

विमानाचा वेग आपण ताशी ९०० किलोमीटर म्हणतो. हा वेग भोवतालच्या हवेच्या तुलनेतला असतो, जमिनीच्या नव्हे. इंजिनं आणि पंख यांचा संबंध फक्त हवेशी. ती हवाच मागे सरकत असेल तर विमान तिच्याबरोबर मागे ओढलं जातं, पुढे जात असेल तर फुकटात पुढे नेलं जातं. सीटच्या समोरच्या पडद्यावर जमिनीवरचा वेग दाखवतात, तो पाहा. एकाच उड्डाणात तो कधी ८२० असतो, कधी ९८०. विमान तेव्हा हवेतून जवळपास त्याच वेगानं चाललेलं असतं.

एक हिशोब करू. समजा प्रत्यक्ष वाट थोडी वळणाची, १२,९०० किलोमीटरची आहे. जाताना समोरून सरासरी ताशी ५० किलोमीटरचा वारा आहे. जमिनीवरचा वेग ८५०, म्हणून वेळ १५ तास ११ मिनिटं. येताना तोच वारा पाठीशी. वेग ९५०, वेळ १३ तास ३५ मिनिटं. विमान दारापासून हलून धावपट्टीपर्यंत जाणं, चढताना-उतरताना कमी असलेला वेग, यासाठी दोन्हीकडे ४० मिनिटं धरली तर जाताना १५ तास ५१ मिनिटं आणि येताना १४ तास १५ मिनिटं. तिकिटावरचे आकडे याच्याच आसपासचे असतात.

आता याच हिशोबाकडे वैमानिकाच्या नजरेनं पाहा. ताशी ९०० च्या वेगानं १५ तास ११ मिनिटं म्हणजे विमानानं जाताना सुमारे १३,६६० किलोमीटर हवा कापली. येताना फक्त १२,२२० च्या आसपास. खालची जमीन दोन्ही वेळा तेवढीच होती, वरची हवा मात्र साडेचौदाशे किलोमीटरनं कमी-जास्त झाली. इंधन हवेच्या किलोमीटरवर जळतं, जमिनीच्या नाही. म्हणून मला वाटतं, दोन शहरांमधलं विमानाचं खरं अंतर हे हवेतलं अंतर मानावं, आणि ते रोज बदलतं हे मान्य करावं.

जाताना जे गमावलं ते येताना पूर्ण परत मिळतं का? नाही. वारा ५० ऐवजी १५० चा धरा. जाताना वेग ७५०, वेळ १७ तास १२ मिनिटं. येताना १,०५०, वेळ १२ तास १७ मिनिटं. बेरीज साडेएकोणतीस तासांच्या जवळ. वारा अजिबात नसता तर दोन्ही मिळून २८ तास ४० मिनिटंच लागली असती. उलट्या वाऱ्यात विमान जास्त तास राहतं, पाठीमागच्या वाऱ्यात कमी, म्हणून नुकसान जास्त वेळ चालतं आणि फायदा थोडा वेळ.

या वाऱ्यावर स्वार होण्याचं एक फार सुंदर उदाहरण आपल्याच विमानाचं आहे. एअर इंडियाचं दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिक ओलांडून पश्चिमेकडून जात असे. ऑक्टोबर २०१६ मध्ये ते उलट दिशेनं, पॅसिफिकवरून पूर्वेकडे नेण्यात आलं. हा मार्ग सुमारे १५,३०० किलोमीटरचा, म्हणजे आधीच्या वाटेपेक्षा अंदाजे १,४०० किलोमीटर लांब. तरीही विमान साडेचौदा तासांत पोहोचलं, आधीपेक्षा जवळजवळ दोन तास लवकर. परत येताना ते अटलांटिककडून पूर्वेलाच येई. एका फेरीत पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण, आणि दोन्ही वेळा वारा पाठीशी!

न्यूयॉर्क ते लंडन या वाटेवर तर फेब्रुवारी २०२० मध्ये, सियारा नावाच्या वादळाच्या काळात, एक बोइंग ७४७ विमान ४ तास ५६ मिनिटांत पोहोचलं. जमिनीवरून मोजलेला त्याचा वेग ताशी १,२५० किलोमीटरच्या पुढे गेला होता. तरीही त्यानं ध्वनीचा वेग ओलांडला नव्हता, कारण त्याच्या भोवतालची हवाच धावत होती.

उत्तर अटलांटिकवर विमानांच्या वाटा यासाठी दर दिवशी नव्यानं आखल्या जातात. पूर्वेकडे येणाऱ्यांची वाट जेट प्रवाहात घालतात, पश्चिमेला जाणाऱ्यांची त्याला टाळून. उड्डाणाच्या आधी वाऱ्याचा अंदाज घेऊन, किती उंचीवर किती इंधन जळेल हे पाहून मार्ग ठरवणारी माणसं प्रवाशांना कधी दिसत नाहीत. माझ्या मते या प्रवासातलं सर्वांत बारकाईचं काम त्यांचं आहे.

५. आकाशालाही कुंपणं असतात

ताणलेला दोरा पाकिस्तानवरून जातो हे वर पाहिलंच. २४ एप्रिल २०२५ रोजी पाकिस्ताननं आपलं आकाश भारतीय विमान कंपन्यांना बंद केलं, आणि ही बंदी पुढे महिन्या-महिन्यानं वाढत गेली. २०१९ मध्येही फेब्रुवारीअखेरपासून जुलैच्या मध्यापर्यंत हे घडलं होतं. मग विमानांना अरबी समुद्रावरून वळसा घ्यावा लागतो. उत्तर अमेरिकेहून येणाऱ्या किंवा तिकडे जाणाऱ्या काही विमानांना २०२५ मध्ये व्हिएन्नासारख्या ठिकाणी इंधनासाठी उतरावं लागलं.

फेब्रुवारी २०२२ नंतर रशियाचं आकाश युरोप-अमेरिकेच्या कंपन्यांना बंद झालं. हेलसिंकी ते टोकियो हा फिनएअरचा साडेनऊ तासांचा प्रवास त्यामुळे तेरा तासांच्या घरात गेला. दोन्ही शहरं जागच्या जागीच होती.

निसर्गाचीही कुंपणं आहेत. तिबेटच्या पठारावरून विमानं शक्यतो जात नाहीत. विमानातला हवेचा दाब गेला तर वैमानिकाला तातडीनं दहा हजार फुटांपर्यंत उतरावं लागतं, आणि तिथे जमीनच त्याहून उंच आहे. शिवाय दोन इंजिनांच्या विमानाला, एक इंजिन बंद पडलं तरी ठरावीक वेळेत एखाद्या विमानतळावर पोहोचता येईल अशीच वाट धरावी लागते. पूर्वी ही मर्यादा साठ मिनिटांची होती. इंजिनांची विश्वासार्हता सिद्ध होत गेली तशी ती तीन तासांवर आणि काही विमानांसाठी पाच तासांच्याही पुढे गेली. ध्रुवाजवळून जाणाऱ्या वाटा दोन इंजिनांच्या विमानांना खुल्या झाल्या त्या यामुळे.

६. साठ वर्षांत वेग का वाढला नाही

८ जून १९४८ रोजी एअर इंडियाचं ‘मलबार प्रिन्सेस’ मुंबईहून लंडनला निघालं, ते कैरो आणि जिनिव्हाला थांबत. त्या पंख्यांच्या विमानाचा वेग ताशी पाचशेच्या आसपास होता. १९६० मध्ये कंपनीची जेट विमानं न्यूयॉर्कला जाऊ लागली तेव्हा हा वेग नऊशेच्या जवळ पोहोचला. आजही तो तिथेच आहे.

याला कारण आहे ध्वनीचा वेग. ३५,००० फुटांवर तापमान उणे ५५ अंशांच्या आसपास असतं आणि तिथे ध्वनी ताशी सुमारे १,०६० किलोमीटर वेगानं जातो. विमान त्याच्या ८५ टक्क्यांच्या पुढे गेलं की पंखांवरच्या हवेत धक्कालहरी तयार होतात आणि हवेचा विरोध झपाट्यानं वाढतो. कॉनकॉर्डनं ही भिंत ओलांडली. १९९६ मध्ये त्यानं न्यूयॉर्क-लंडन अंतर तीन तासांहूनही कमी वेळात कापलं, पण त्यासाठी जळणारं इंधन कोणालाच परवडेना आणि २००३ मध्ये ते थांबलं. तेव्हापासून अभियंत्यांनी वेगाऐवजी पल्ला वाढवला. सिंगापूर ते न्यूयॉर्क हे सुमारे १५,३५० किलोमीटर अंतर आज एका दमात, अठरा तासांहून जास्त उडून पार होतं.

७. तिकिटावरचं घड्याळ

तिकिटावर छापलेल्या वेळा त्या त्या गावच्या असतात. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते, म्हणून दर १५ रेखांशांना साधारण एक तासाचा फरक पडतो. भारताची वेळ ८२.५ अंशांच्या रेखांशावरून ठरते. मुंबई त्याच्या पश्चिमेला असल्यामुळे शहरानं स्वतःची ‘बॉम्बे टाइम’ १९५५ पर्यंत सांभाळली होती, ती भारतीय वेळेपेक्षा ३९ मिनिटं मागे असे.

उन्हाळ्यात न्यूयॉर्क आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असतं, आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीपासून मार्चपर्यंत साडेदहा तास. समजा जूनमध्ये मुंबईहून रात्री दीडला निघालात आणि त्याच तारखेला सकाळी आठला उतरलात. वजाबाकी साडेसहा तासांची येते. तिच्यात साडेनऊ मिळवा, सोळा तास झाले. परतताना उलटं करा. सकाळी साडेअकराला निघून दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला मुंबई, म्हणजे दिसायला साडेतेवीस तास. त्यातून साडेनऊ वजा केले की चौदा.

८. थेट की मध्ये थांबून?

पुष्कळांना वाटतं, दुबईला थांबलं म्हणजे फार वळसा पडतो. अंतरं पाहा. मुंबई-दुबई १,९३० आणि दुबई-न्यूयॉर्क ११,०२०, मिळून १२,९५० किलोमीटर. सर्वांत जवळच्या वाटेपेक्षा फक्त ४२० जास्त. लंडनमार्गे ७,२०० अधिक ५,५४०, म्हणजे १२,७४०. फरक २१० किलोमीटरचा, विमानाच्या हिशोबानं पंधरा मिनिटं. ही शहरं ताणलेल्या दोऱ्यापासून फार बाजूला नाहीत. सिंगापूरमार्गे मात्र १९,००० किलोमीटरच्या पुढे जातं.

इंधनाच्या दृष्टीनंही थांबा वाईट नाही. मोठ्या पल्ल्याच्या विमानात, उदाहरणार्थ बोइंग ७७७-३०० ईआरमध्ये, सुमारे १४५ टन इंधन मावतं. उड्डाणावेळचं त्याचं कमाल वजन ३५१ टन, म्हणजे टाक्या काठोकाठ भरल्या तर दोन पंचमांश वजन इंधनाचंच. थेट उड्डाणात पहिले काही तास नंतरचं इंधन वाहून नेण्यातही बरंच इंधन खर्च होतं.

मग थांबा घेतलेल्या तिकिटाला बावीस तास का लागतात? दोन उड्डाणं मिळून सव्वासतरा तासांच्या आसपास होतात, उरलेला वेळ विमानतळावरचा. म्हणून तिकीट निवडताना एकूण तासांआधी दोन उड्डाणांच्या तासांची बेरीज करावी आणि बाकी किती उरते ते पाहावं. बाकी दीड तासाची असेल तर पहिल्या विमानाला थोडा उशीर झाला तरी दुसरं चुकतं. तीन-चार तासांची असेल तर पाय मोकळे होतात, चहा होतो आणि सामानही बरोबर पोहोचण्याची शक्यता वाढते. इंग्रजी पाट्या वाचायची सवय नसलेले, गुडघ्यांनी बेजार झालेले आईवडील एकटेच निघणार असतील, तर थेट विमानाचे जास्तीचे पैसे मोजावेत. टर्मिनल बदलणं, पुन्हा सुरक्षा तपासणी, दूरचं गेट, हे त्यांना आकाशातल्या जादा वेळेपेक्षा कितीतरी जड जातं.